गार उजेड

“म्हणजे तापतच नाही?” आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“काका, अजिबात नाही,” दुकानदार म्हणाला. “दोन तास लावून ठेवा आणि समोर तान्हं बाळ निजवा. घामाचा थेंब येणार नाही. तीच तर ह्याची गंमत आहे.”

 काउंटरवर उघडून ठेवलेल्या सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड आप्पांनी अंगठ्यात आणि बोटात धरलं, चुरगळलं, सोडलं, पुन्हा धरलं. झालं! म्हटलं, आता हे साडीच्या दुकानात आल्यासारखे पोत बघत बसणार आणि आमची दुपारची एसटी चुकणार.

“दुसरा दाखवा,” आप्पा म्हणाले. “जरा ऊब देणारा.”

“ऊब पाहिजे तर शेकोटी घ्या काका,” दुकानदार हसला.

मीही हसले. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण हसले, हे खरं आहे.

ही २०१२ सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, माझे वडील, म्हणजे आप्पा, एकसष्ट. आम्ही बार्शीहून सोलापूरला आलो होतो ते आमच्या मुळीक फोटो स्टुडिओसाठी नवे दिवे घ्यायला. ‘घ्यायला’ म्हणजे मी घ्यायला आणि आप्पा नाही म्हणायला. सॉफ्टबॉक्स म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. काळ्या कापडाचा मोठा डबा, आतून चंदेरी, बुडाशी दिवे आणि तोंडाला पांढरं कापड. उजेड त्या कापडातून गाळून येतो, माणसाच्या चेहऱ्यावर मऊ पडतो, नाकाखाली काळी मिशीसारखी सावली पडत नाही. मी पुण्यात तीन वर्षं अल्बम तयार करायच्या कामाला होते, तिथं सगळ्यांकडं हेच दिवे. आमच्याकडं मात्र तीस वर्षांपूर्वीचे दोन हजार-हजार वॅटचे हॅलोजन. लावले की खोलीची भट्टी.

त्या भट्टीपायीच तर आमची गिऱ्हाइकं तुटायला लागली होती. महिन्याभरापूर्वी एका आजीबाईंनी नातवाला आणलं होतं. दिवे लागले, पोर लालबुंद झालं, किंचाळायला लागलं. आजी म्हणाल्या, “पोराला भाजून काढताय व्हय हो?” आणि सगळे उठून एसटी स्टँडसमोरच्या नव्या स्टुडिओत गेले. आप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना लागलं. पण दिवे बदलू म्हटलं की ‘नको’.

दुकानदारानं तीन प्रकार दाखवले. एक छत्रीसारखा फटकन उघडणारा, तो आमच्या ऐपतीबाहेरचा. एक फ्लॅशवर बसवायचा, त्याचा फ्लॅशच मुळात महाग. तिसरा सगळ्यात स्वस्त: एक लोखंडी कडी, तिच्यात चार काड्या खोचायच्या, काड्यांवर कापड ताणायचं आणि मागं चार पिळाचे बल्ब. दोनांची जोडी, स्टँडसकट. स्टँड अगदीच पाप्याचे पितर. दुकानदार स्वतःच म्हणाला, “पायाला वाळूची पिशवी बांधा ताई, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा डुलतील.” मी ती जोडी घेतली.

बाहेर पडल्यावर रस्त्याच्या गर्दीत आप्पांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरला तो एसटीत बसेपर्यंत सोडला नाही.

“आप्पा, बंद तुटंल. मी काय हरवतेय का?”

“मी हरवलो तर?” ते म्हणाले.

 एसटीनं वैराग मागं टाकल्यावर म्हणाले, “सुचे, दिवे तू म्हणशील ते लाव. पण मशीनमागं मीच उभा राहणार. एवढं कबूल कर.”

कॅमेऱ्याला ते जन्मभर ‘मशीन’च म्हणत.

“अहो, तुम्हाला कोण हटवतंय तिथनं?”

“तसं नाही. कबूल कर.”

“केलं बाई कबूल!” मी म्हटलं. “तुमचं मशीन तुम्हालाच लखलाभ.”

त्यांनी मान हलवली. पण समाधान झाल्यासारखं काही दिसलं नाही. आप्पांना तेवढं एकच पाहिजे होतं, की मरेपर्यंत त्या मशीनमागं उभं राहायचं. दुसरं काही त्यांनी माझ्याकडं कधी मागितलं नाही.

आप्पांच्या कामाची एक पद्धत होती, ती सगळ्या बार्शीला माहीत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की आप्पा त्याच्या गालाजवळ आपला तळहात उलटा धरायचे. हात थोडा पुढं, थोडा मागं. मग हॅलोजनचा स्टँड वीतभर सरकवायचे, परत हात धरायचे. असं दोन-तीनदा झालं की म्हणायचे, “हां, आता पडला.” की मशीनकडं जायचे आणि फोटो काढायचे. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची, एकमेकांच्या गालाजवळ हात धरून “हां, आता पडला” म्हणायची. आप्पा म्हणजे हातानं उजेड चाखणारा माणूस, असं लोक कौतुकानं सांगत. मलाही त्याचा अभिमान होता. पूर्वी ते असं नेहमी करत का, अधूनमधून करत, हे मात्र मला आठवत नव्हतं. मी कधी विचारही केला नाही.

दुसरी पद्धत म्हणजे, स्टुडिओत चप्पल चालायची नाही. गिऱ्हाइकाचीही नाही आणि त्यांची स्वतःची तर नाहीच. फरशीवर त्यांनी काथ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या डकवल्या होत्या. दारापासून स्टुलापर्यंत एक, स्टुलापासून मशीनपर्यंत एक, दिव्यांच्या जागी आडव्या. मी पुण्याहून परत आले तेव्हा त्या नव्यानंच दिसल्या. विचारलं तर म्हणाले, “स्टँडच्या जागा मोजून ठेवल्यात. सारखं कोण सरकवत बसंल?” मी म्हटलं, असेल.

आणखी बरंच काही मी ‘असेल’ म्हणून सोडून दिलं. वर्षभरात त्यांचे फोटो तिरके यायला लागले होते. कुणाचा खांदा कापलेला, कुणाच्या डोक्यावर हातभर मोकळी भिंत. मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून ते कापून सरळ करायची आणि म्हणायची, वय झालं. आई रोज दुपारी त्यांना जेवायला न्यायला यायची आणि दोघं हात धरून घरी जायचे. माझी आई! जी लग्नानंतर तीस वर्षं त्यांच्या चार पावलं मागनं चालली ती. मी आईला चिडवायची, “काय गं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय?” आई लाजल्यासारखं करायची. मला ते लाजणंच वाटलं.

रविवारी सकाळी दिवे जुळवायला घेतले. दुपारी चार वाजता बोराडे मास्तर नातवाला घेऊन येणार होते, सहा महिन्यांचं बाळ. मास्तरांचा स्वतःचा लग्नाचा फोटो आप्पांनी काढलेला, मुलाच्या मुंजीचा आप्पांनीच. मी मुद्दाम त्यांना निरोप धाडला होता, की आमच्याकडं नवे गार दिवे आलेत, बाळाला काही त्रास व्हायचा नाही.

खोक्यात एक चित्रांचा कागद होता. तो बघून मी काड्या कडीत खोचायला लागले. पहिली बसली, दुसरी बसली, तिसरी वाकवून बसवली, आणि चौथी बसवायला गेले की तिसरी टणकन निसटून बाहेर. एकदा तर माझ्या हनुवटीला लागली.

“मेल्यानं काय बनवलंय!” मी कागद भिरकावला.

आप्पा सतरंजीवर येऊन बसले. “आण इकडं.”

त्यांनी कडी मांडीवर घेतली. चारी भोकांवरून बोट फिरवलं. कापडाचे कोपरे चाचपले. मग एक काडी खोचली, तिच्यासमोरची दुसरी खोचली, शेजारची नाही. मी इतका वेळ शेजारशेजारच्या खोचत होते. समोरासमोरच्या दोन बसल्यावर ताण सारखा झाला आणि उरलेल्या दोन मुकाट बसल्या. पांढऱ्या कापडाची कड दाबत दाबत त्यांनी चारी बाजूंनी चिकटवली. एवढं सगळं करताना ते बघत होते भिंतीकडं. दुसरा डबा तर त्यांनी माझ्याशी गप्पा मारत जुळवला.

“बघितलंस? कागद वाचून काही होत नाही. हाताला विचारायचं.”

मी हात जोडले. खरंच कौतुक वाटलं मला. मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा, “अगं, न बघता जुळवले त्यांनी!” ‘जेवायला न्यायला येतेच,’ एवढं म्हणून आईनं फोन ठेवला.

मग मी त्यांना स्टुलावर बसवलं. उजेड कसा पडतो ते बघायला कुणीतरी समोर पाहिजे ना. कॅमेरा तिकाटण्यावर लावला, वायरचं बटण हातात घेतलं आणि मी डाव्या सॉफ्टबॉक्सच्या शेजारी उभी राहिले, म्हणजे तिथून सावली नीट दिसते.

“आप्पा, इकडं बघा.”

त्यांनी बघितलं. मी बटण दाबलं. मग कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. “बघा. कसा आलाय?”

त्यांनी मान खाली घालून पडद्याकडं बघितलं, जरा वेळ घेतला. “झकास,” म्हणाले. “मी बराच बरा दिसतो की गं फोटोत.”

“सावली बघा ना, नाकाखाली. आहे का?”

“नाही.”

“मग? उगाच नाही नाही म्हणत होता.”

दुपारी आई आली आणि त्यांना घेऊन गेली. मी एकटीच राहिले, आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. गार दिवे आले म्हटल्यावर बाळाला टेबलावर कशाला ठेवायचं? खाली दुलई अंथरायची, कोपऱ्यात, निळ्या पडद्यापुढं. मी स्टूल हलवलं, टेबल हलवलं, तिकाटणं दुसऱ्या भिंतीशी नेलं. दिवे दुलईच्या दोन बाजूंना आणले, पायाला वाळूच्या पिशव्या बांधल्या. तरी खोली मला जुनाट दिसत होती. त्या पट्ट्या! मळून काळ्या पडलेल्या, कडा निघालेल्या. मी बाहेरच्या खोलीतनं फोटो कापायची जुनी सुरी आणली आणि खाली बसून एकेक पट्टी खरवडून काढली. दीड तास लागला. फरशी पुसून लख्ख केली. घामाघूम झाले होते, पण खोलीकडं बघून इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

चारच्या आधी दोघं आले. आईनं दारातून फरशी बघितली आणि तिथंच थांबली.

“पट्ट्या कुठंयत?”

“काढल्या. काय ती कळा झाली होती!”

“सुचे, आत्ताच्या आत्ता परत लाव.”

“अगं आई, चार वाजत आले. आणि कशाला?”

तिनं माझा दंड धरला. इतका घट्ट, की मला राग आला. “तुला सांगतेय ना, लाव म्हणून. मास्तरांना उद्या बोलव. आज नको.”

“राहू दे गं,” आप्पा मागून म्हणाले. त्यांनी चपला काढल्या. “काढल्या तर काढल्या. तू जा घरी.”

“अहो पण…”

“जा म्हटलं ना.”

आई गेली नाही. बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय.

आप्पा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. “सुचे, काय कुठं ठेवलंयस, सांग बघू.”

“समोर तर आहे सगळं आप्पा.”

“तरी सांग.”

मी भराभरा सांगितलं. दुलई उजव्या कोपऱ्यात, दिवे दोन बाजूंना, मशीन त्याच्यासमोर, स्टूल डावीकडं भिंतीशी. त्यांनी ओठ हलवले, मनातल्या मनात घोकल्यासारखे. मग माझ्या मागोमाग, माझ्या पावलाला पाऊल लावून मशीनपर्यंत आले.

बोराडे मास्तर आले ते लवाजमा घेऊनच. ते, मास्तरीणबाई, सून आणि सुनेची बहीण. बाळ गोंडस, हसरं. दुलईवर ठेवल्याबरोबर त्यानं पाय तोंडात घातला. मी दिवे लावले. सून म्हणाली, “अय्या, खरंच की, गरम नाही होत!” मला आभाळ ठेंगणं झालं.

मी बाळाजवळ बसून त्याचं टोपडं नीट करत होते. माझी पाठ दिव्यांकडं. सुनेची बहीण खुळखुळा आणायला उठली, तिचा पाय वायरीत अडकला आणि दोन्ही दिव्यांची एकच पिन होती ती भिंतीतनं निघाली. एवढंच झालं. वरची ट्यूबलाइट चालू होती, म्हणून माझ्याही लगेच लक्षात आलं नाही.

आप्पा पुढं आले. एक हात मशीनवर ठेवून दुसरा त्यांनी उलटा धरला, बाळाच्या वर, दिव्याच्या समोर. थोडा पुढं, थोडा मागं. बराच वेळ. मास्तरांच्या घरची सगळी माणसं कौतुकानं बघत होती, की आता मुळीक काका ते वाक्य म्हणणार.

“हां,” आप्पा म्हणाले. “आता पडला.”

मास्तर मोठ्यानं हसले. “अहो मुळीक, काय पडला? दिवे तर विझलेत!”

बायकाही हसल्या. मी वळून बघितलं. दोन्ही डबे विझलेले.

“विझलेत कसे?” आप्पा म्हणाले. “चांगला पडलाय की.”

“आप्पा, काय चेष्टा लावलीय!” मी ओरडले. “आधी दिवे तरी लागलेत का ते बघा!”

त्यांचा हात तसाच हवेत होता. तो हळूहळू पुढं गेला आणि सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या कापडाला लागला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा त्यांनी तळहात त्या कापडावर पालथा ठेवला. मग दुसऱ्या जागी ठेवला. मग काढून घेतला.

हसणं थांबलं होतं. सगळ्यात आधी मास्तरांचं.

आप्पांना ती शांतता ऐकू आली. ते वळले, दाराकडं जायला निघाले. दोन पावलं टाकली आणि थांबले. त्यांचा उजवा पाय फरशीवर फिरायला लागला. अंगठा पुढं सरकला, मागं आला, बाजूला गेला. गुळगुळीत, लख्ख पुसलेली फरशी. ते पट्टी शोधत होते.

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. भोकांवरून फिरणारं ते बोट, ती काथ्याची ओळखीची खरखर, ते पिशवीचा बंद धरून चालणं, हॅलोजनची ती धग. मी जागची हललेसुद्धा नाही. उठून हात धरावा, एवढंही मला सुचलं नाही. मी बाळाचं टोपडं हातात धरून बसून राहिले.

आप्पांनी अंदाजानं पाऊल टाकलं आणि ते दिव्याच्या तंगड्यात अडकले. स्टँड, डबा आणि आप्पा, तिघंही बाजूला कोसळले. काड्या कडीतून उसळून बाहेर आल्या. बाळ रडायला लागलं. मास्तरांनी धावत जाऊन आप्पांना बसतं केलं.

“मुळीक,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला दिसत नाही?”

आप्पांनी शर्टाची बाही झटकली. “नाही,” म्हणाले.

आई आत आली होती. तिनं त्यांना उठवलं. दारात गेल्यावर ते थांबले, आणि मी खोलीत कुठं आहे ते माहीत नसल्यामुळं नुसतंच समोर बोलले.

“सुचे, बाळाचे फोटो काढ. माणसं खोळंबलीत.”

मी काढले. पिन लावली, काड्या परत खोचल्या, समोरासमोरच्या आधी, जसं त्यांनी शिकवलं होतं. फोटो चांगले आले. बाळ मधे हसलंसुद्धा. मास्तर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले, आणि मला वाटलं, ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आई कणीक मळता मळता सांगत होती. मी ओट्याला टेकून उभी होते. आप्पा बाहेरच्या खोलीत.

“काचबिंदू. चार वर्षं झाली. तू पुण्यात होतीस. सोलापूरला दाखवलं, मिरजेला दाखवलं. गेलेली नजर येत नाही, डॉक्टर म्हणाले. उजव्यात काहीच नाही. डाव्यात दिवस आहे का रात्र, तेवढंच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“शपथ घातली होती त्यांनी.”

“पण मला? मला कशाला लपवायचं?”

आईनं कणकेतला हात थांबवला. “ते म्हणाले, गावाला कळलं तर चालंल एक वेळ. सुचीला कळलं, तर ती हातातनं मशीन काढून घेईल.”

मी बाहेर जाऊन त्यांच्या पायाशी बसले. खूप रडले, खूप बोलले. चुकले म्हटलं. आप्पा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “फोटो कसे आले बाळाचे?”

“चांगले आले.”

“सावली?”

“नाही पडली. कुठंच नाही.”

“अजिबातच नाही?” ते जरा विचारात पडले. “मग पोराचं नाक कसं कळायचं गं?”

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. बाजारातून काथ्या आणला, पट्ट्या कापल्या. फरशीवर सरसाचे डाग राहिले होते, त्यांच्यावर मापून मापून चिकटवल्या. सॉफ्टबॉक्स मोडून खोक्यात भरले, हॅलोजन जागेवर आणले. स्टूल, टेबल, सगळं होतं तिथं. तिसऱ्या दिवशी आई त्यांना बळंच घेऊन आली.

त्यांनी चपला काढल्या. पायाला पट्टी लागली. ते सरळ, न अडखळता दिव्यापाशी गेले. मी दिवा लावला आणि स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या गालाजवळ हात धरला. वीतभर सरकवला दिवा. परत हात धरला. ती धग मला सोसवत नव्हती, पण मी हलले नाही.

“कोण बसलंय?” त्यांनी विचारलं.

“मी आहे आप्पा.”

“तेच म्हणतोय.” त्यांनी हात खाली घेतला. “तू बसशील. तुझी आई बसंल. गाव आता बसायचं नाही माझ्यापुढं. आणि बसलं तरी कीव करून बसंल. घरच्या माणसांना समोर बसवून करायचं, त्याला धंदा म्हणत नाहीत सुचे. तो खेळ झाला.”

“मी गिऱ्हाइकांना सांगते. समजावते.”

“काय सांगशील?”

 त्यांनी चाचपून दिव्याचं बटण शोधलं आणि स्वतःच्या हातानं बंद केलं. खोली कितीतरी वेळ गरम होती. ते परत कधी स्टुडिओत आले नाहीत.

सहा वर्षं जगले त्यानंतर. आजारी असे नव्हते. ओट्यावर बसून राहायचे. कुणी हाक मारली तर बोलायचे, नाहीतर नाही. कधीमधी उन्हात हात उलटा धरलेला दिसायचा, पण मी आलेय असं कळलं की मांडीवर घ्यायचे. मी सॉफ्टबॉक्स परत लावले आणि स्टुडिओ चांगला चालायला लागला. बाळांच्या फोटोला तर लांब लांब गावांहून लोक येऊ लागले. मला ते यश कधी गोड लागलं नाही, आणि अजूनही लागत नाही.

ते गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधायला घेतला. आख्ख्या तालुक्याचे फोटो काढले होते त्या माणसानं, पण त्यांचा स्वतःचा एकही धड नव्हता. लग्नातला एक होता, तो विरलेला. मग मला आठवलं. त्या रविवारी सकाळी, दिवे जुळवल्यावर, सॉफ्टबॉक्ससमोर बसवून मी एक काढला होता.

तोच आता स्टुडिओत लावलाय, दारातून आलं की समोर. येणारी माणसं म्हणतात, किती छान उजेड आहे हो. आहेच. मऊ, एकसारखा, नाकाखाली सावलीचा टिपूस नाही. फक्त आप्पा समोर बघत नाहीयेत. मी दिव्याशेजारी उभी राहून ‘इकडं बघा’ म्हणाले होते, आणि ते माझ्या आवाजाकडं बघताहेत. मशीन कुठं आहे, ते त्यांना कळलेलंच नाही.

हा फोटो मी त्याच सकाळी कॉम्प्युटरवर पार डोळ्यांपर्यंत मोठा करून बघितला होता. मी सावली शोधत होते.